वाचकांचे प्रश्न : एकाच टेपच्या दोन कडा

एकर आणि हेक्टर, फूट आणि मीटर, तोळा आणि ग्रॅम अशी दुहेरी मापे रोजच्या व्यवहारात वापरताना कुठे अडखळायला होते, ते लिहून कळवावे, अशी विनंती आम्ही गेल्या अंकात वाचकांना केली होती. आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे जमिनीविषयी होती, म्हणून सुरुवातही तिथूनच करीत आहे. त्याआधी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण काही वाचकांनी ‘आमचे शिक्षण कमी, म्हणून घोटाळा होतो’ असे स्वतःला दूषण दिले आहे. देशात दशमान वजनमापांचा कायदा १९५६ मध्ये झाला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून तो टप्प्याटप्प्याने अमलात आला. त्याच १९५६ मध्ये, १ नोव्हेंबरला, मराठवाडा हैदराबाद राज्यातून तेव्हाच्या मुंबई राज्यात आला. त्याच दशकात निजामाचा हाली सिक्का व्यवहारातून गेला आणि १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले. राज्य, नाणे आणि माप या तिन्ही गोष्टी आपल्याकडच्या एकाच पिढीने पाठोपाठ बदलताना पाहिल्या. त्या पिढीने जुने शब्द जपले आणि पुढच्या पिढीच्या हाती दिले, यात अडाणीपणा काहीही नाही.

प्रश्न : आम्ही तिघे भाऊ आहोत. वडिलांच्या जुन्या कागदांत जमीन ‘२ एकर ३० गुंठे’ अशी आहे. वाटणीचा तक्ता करून देणाऱ्या गृहस्थांनी २.३० ला तीनने भागून प्रत्येकी ०.७६ एकर, म्हणजे साधारण ३१ गुंठे, असे लिहून दिले. थोरल्या भावाला हा हिशोब खटकतो. शिवाय सातबारावर १.११.२९ असा तिसराच आकडा दिसतो. यांतला खरा कोणता? (एक वाचक, तालुका कळंब, जिल्हा धाराशिव)

उत्तर : आपल्या थोरल्या भावाला खटकले ते योग्यच आहे. त्या तक्त्यावर कोणीही सही करू नये. एकर-गुंठ्यांच्या आकड्यातला टिंब हा दशांशचिन्ह नसतो. एका एकरात ४० गुंठे असतात, म्हणून ‘२.३०’ याचा अर्थ दोन एकर आणि वर तीस गुंठे, म्हणजे पावणेतीन एकर, म्हणजेच ११० गुंठे. गणकयंत्राला हे कळत नाही. त्याच्या दृष्टीने २.३० एकर म्हणजे फक्त ९२ गुंठे. अशा रीतीने १८ गुंठे जमीन केवळ एका टिंबात नाहीशी झाली आणि प्रत्येक भावाच्या वाट्यातून सहा गुंठे गेले. बरोबर हिशोब असा की, ११० गुंठ्यांचे तीन वाटे केले तर प्रत्येकी ३६ गुंठे पूर्ण आणि वर एका गुंठ्याचे दोन तृतीयांश येतात.

सातबारावरचा आकडा याच जमिनीचा आहे, फक्त तो वेगळ्या मापात आहे. तो हेक्टर, आर आणि चौरस मीटर या क्रमाने वाचावा : १ हेक्टर, ११ आर, २९ चौरस मीटर. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि शंभर आर म्हणजे एक हेक्टर. येथे सगळे शंभराच्या पटीत असल्यामुळे सरळ भागाकार चालतो. ही जमीन एकूण ११,१२९ चौरस मीटर आहे. दोघांना ३,७१० आणि एकाला ३,७०९ चौरस मीटर, म्हणजे सातबाराच्या भाषेत ०.३७.१०, ०.३७.१० आणि ०.३७.०९ असे वाटे पडतील. वाटणीचा हिशोब नेहमी चौरस मीटरमध्ये करावा आणि घरात समजून सांगण्यासाठी शेवटी एकदाच त्याचे गुंठे करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. मध्येच माप बदलले की दर बदलाला थोडे थोडे क्षेत्र सांडत जाते.

गुंठा आणि आर हे एकच आहेत, हा समज आपल्याकडे फार पक्का आहे आणि त्याचे कारणही समजण्यासारखे आहे. जुन्या मोजणीतली साखळी ३३ फुटांची होती आणि तिचे सोळा आणे धरलेले असत. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद असा चौकोन म्हणजे एक गुंठा, म्हणजेच १,०८९ चौरस फूट. आर हा दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद असा चौकोन, म्हणजे सुमारे १,०७६ चौरस फूट. दोहोंत फरक जेमतेम तेरा चौरस फुटांचा, एका लहान न्हाणीघराएवढाही नाही. परंतु आपल्या ११० गुंठ्यांवर हाच फरक १२९ चौरस मीटर होतो, म्हणजे जवळपास १,३९० चौरस फूट. गावाशेजारी ३० बाय ४० फुटांचा प्लॉट १,२०० चौरस फुटांचा असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या ‘किरकोळ’ फरकाची किंमत कळते. ‘एक हेक्टर म्हणजे अडीच एकर’ या तोंडी हिशोबाचेही तसेच आहे. हेक्टर म्हणजे २.४७१ एकर, म्हणजे शंभर नव्हे तर ९८.८४ गुंठे. बांधावर उभे राहून बोलताना अडीच म्हणायला हरकत नाही, परंतु खरेदीखतात तसे लिहिले तर हेक्टरमागे १,२६० चौरस फुटांचा वाद विकत घेतल्यासारखे होते.

मराठवाड्यातल्या वाचकांनी आणखी एक सावधगिरी बाळगावी. १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक आणि त्या काळातले इतर कागद एकर-गुंठ्यांत आहेत, तर आजचा सातबारा हेक्टर-आरमध्ये आहे. दोन्ही कागद शेजारी ठेवून नुसते आकडे ताडून पाहिले तर १.२० आणि १.२० सारखेच दिसतात, परंतु पहिला दीड एकर असतो आणि दुसरा जवळजवळ तीन एकर. म्हणून जुन्या कागदाची प्रत काढली की प्रत्येक आकड्यापुढे पेन्सिलीने ‘एकर-गुंठे’ किंवा ‘हेक्टर-आर’ असे आधी लिहावे आणि मगच बेरजेला बसावे. कागदावरचे क्षेत्र आणि जमिनीवरचे क्षेत्र जुळते की नाही, हे मात्र कोणत्याही रूपांतराने ठरत नाही. त्यासाठी आकारबंद (प्रत्येक गटाचे क्षेत्र आणि आकारणी यांची सरकारी नोंद) पाहून भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणीच करून घ्यावी लागते.

प्रश्न : पावसाळ्यात आमचे सगळे लक्ष जायकवाडीकडे असते. वर्तमानपत्रात कधी पातळी फुटांत, कधी साठा टीएमसीत, कधी दलघमीत, तर विसर्ग क्युसेकमध्ये देतात. धरणात किती पाणी आले आणि नदीला किती येणार, याचा अंदाज सामान्य माणसाने कसा बांधावा? (एक शेतकरी, गोदाकाठ, तालुका गेवराई, जिल्हा बीड)

उत्तर : आपण नदीकाठी राहता, त्यामुळे हा प्रश्न आपल्यासाठी केवळ ज्ञानाचा नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहीत आहे. टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट आणि दलघमी म्हणजे दशलक्ष घनमीटर. एक टीएमसी म्हणजे २८.३२ दलघमी. नाथसागराचा, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाचा, पूर्ण साठा २,९०९ दलघमी, म्हणजे सुमारे १०२.७ टीएमसी आहे. त्यातला ७३८ दलघमी, म्हणजे सुमारे २६ टीएमसी, हा मृतसाठा, म्हणजे तळाशी राहणारे, एरवी वापरासाठी न सोडले जाणारे पाणी. उरलेला २,१७१ दलघमी, म्हणजे सुमारे ७६.७ टीएमसी, हा उपयुक्त साठा. बातमीतली टक्केवारी बहुतेक वेळा या उपयुक्त साठ्याची असते. म्हणून ‘धरण शून्य टक्के’ असे छापून आले तरी पात्रात पाणी दिसते, त्यात विसंगती काही नाही.

पूर्ण संचय पातळी १,५२२ फूट, म्हणजे ४६३.९०६ मीटर. ही उंची समुद्रसपाटीपासूनची आहे, धरणाच्या पायापासूनची नव्हे, हा खुलासा दरवर्षी कोणाला तरी करावा लागतो. पातळी फुटांत वाचताना एक भान ठेवावे. जलाशय खाली अरुंद आणि वर पसरट असतो, त्यामुळे तळाकडच्या एका फुटात मावणारे पाणी आणि काठोकाठच्या एका फुटात मावणारे पाणी सारखे नसते. धरण भरत आले असताना नाथसागराचा पसारा सुमारे ३५० चौरस किलोमीटर असतो. एवढ्या पसाऱ्यावर एक फूट पाणी म्हणजे सुमारे १०७ दलघमी, जवळजवळ पावणेचार टीएमसी. म्हणून ‘अजून दोनच फूट बाकी आहे’ हे वाक्य ऐकून धरण आज रात्रीच भरेल, असे समजू नये.

आता क्युसेक. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८.३ लिटर. आवक किंवा विसर्ग चोवीस तास सारखाच राहिला, तर ११,५७४ क्युसेकने एका दिवसात एक टीएमसी पाणी होते. ही एकच संख्या लक्षात ठेवली तर बाकीचे तोंडी होते : वरून ३०,००० क्युसेकने आवक असेल तर दिवसाला साधारण २.६ टीएमसी भर पडते. एका क्युसेकचे मोल किती, हे आपल्या विभागाला वेगळे सांगायला नको, तरी एक तुलना देते. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणले गेले, तेव्हा पन्नास वाघिणींच्या एका गाडीत सुमारे २५ लाख लिटर पाणी असे. एक क्युसेकचा प्रवाह चोवीस तास चालला तर २४ लाख ४६ हजार लिटर पाणी होते. कालव्यातला एक क्युसेक दिवसभर वाया गेला, तर त्या गाडीची जवळजवळ एक पूर्ण खेप वाया गेली.

नदीकाठी पाणी किती चढेल, हे मात्र क्युसेकच्या आकड्यावरून घरबसल्या ठरवू नये. तोच विसर्ग अरुंद पात्रात जास्त चढतो आणि रुंद पात्रात कमी. आपल्या गावाच्या घाटाच्या कोणत्या पायरीला कोणत्या विसर्गाला पाणी लागले, हे दोन-तीन पावसाळे वहीत टिपून ठेवले, तर ती वही कोणत्याही तक्त्यापेक्षा जास्त उपयोगी पडेल. प्रशासनाचा इशारा आला की मात्र वही न उघडता हलावे.

प्रश्न : बोअर घेताना गाडीवाल्याने ‘दोनशे फूट जाऊ’ असे सांगितले. एका नातेवाइकाने साठ मीटरची मर्यादा असल्याचे कळवले. दुकानदाराने दोन इंची म्हणून दिलेल्या पाइपवर ६३ मिमी लिहिले आहे. बोअरला ‘दोन इंच पाणी लागले’ म्हणतात, ते कोणते दोन इंच? (एक वाचक, तालुका औसा, जिल्हा लातूर)

उत्तर : तीनही ठिकाणी शब्द इंच-फुटांचे आहेत आणि तीनही ठिकाणी त्यांचा अर्थ निराळा आहे. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल अधिनियमात ६० मीटर किंवा त्याहून अधिक खोलीच्या विहिरीला खोल विहीर मानले आहे आणि तिच्यावर निर्बंध आहेत. दोनशे फूट म्हणजे ६०.९६ मीटर, म्हणजे मर्यादा जवळजवळ एका मीटरने ओलांडली. साठ मीटर म्हणजे १९६ फूट १० इंच. गाडीवाला दर फुटावर लावतो आणि कायदा मीटरवर चालतो, म्हणून ठरावाच्या कागदावर खोली दोन्ही मापांत लिहून घ्यावी.

पाइपची गोष्ट सोपी आहे. लोखंडी पाइपचे नाव त्याच्या आतल्या पोकळीच्या ढोबळ मापावरून, इंचात, पडले आहे. प्लास्टिकच्या पीव्हीसी पाइपवर बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये छापतात. बाजाराने दोहोंची सांगड घालून ६३ मिमीला दोन इंची, ७५ ला अडीच इंची, ९० ला तीन इंची आणि ११० ला चार इंची म्हणायला सुरुवात केली. ही केवळ टोपणनावे आहेत. दोन इंची लोखंडी पाइपचा बाहेरचा व्यास ६०.३ मिमी असतो, म्हणून ६३ मिमीचा पाइप त्याला नुसता खुपसून बसत नाही, मध्ये आटे असलेला जोड घ्यावाच लागतो. हे आटे आजही इंचाच्याच हिशोबाचे आहेत. दुकानात जाताना नावाऐवजी पाइपचा वीतभर तुकडा सोबत नेणे उत्तम.

‘दोन इंच पाणी’ हे पाइपचे माप नव्हे. पाणी मोजण्यासाठी जिथे काटकोनी त्रिकोणी खाचेची पट्टी लावतात, तिथे त्या खाचेतून वाहणाऱ्या पाण्याची उंची इंचात सांगतात. खाच वर रुंद होत जाते, त्यामुळे दोन इंच पाणी हे एक इंच पाण्याच्या दुप्पट नसते, तर साडेपाच पटींहून थोडे अधिक असते. एक इंचाला ताशी सुमारे ५०० लिटर आणि दोन इंचाला ताशी सुमारे २,९०० लिटर असा हिशोब पडतो. जिथे खाच न लावता नजरेनेच इंच सांगतात, तिथे त्या आकड्यावर मोटार घेऊ नये. दोनशे लिटरच्या पिंपाखाली पाणी धरून ते किती सेकंदांत भरते, ते घड्याळ लावून पाहावे. मोटार घेताना अश्वशक्तीबरोबरच पट्टीवरचा ‘हेड’, म्हणजे पंप पाणी किती उंच चढवू शकतो तो आकडा, मीटरमध्ये असतो, हेही पाहावे. तीनशे फूट खोलीवरून पाणी उचलायचे असेल तर ते ९१ मीटर होतात. साठ मीटर हेडचा पंप ते वर आणणार नाही, मग तो कितीही अश्वशक्तीचा असो.

प्रश्न : सुनेने आणलेल्या नव्या तापमापकावर नातवाचा ताप ३८.९ दिसला. आम्हाला शंभर, एकशे दोन असा ताप माहीत. आकडा लहान दिसला म्हणून आम्ही रात्रभर थांबलो. आमचे चुकले का? (एक आजी, नांदेड)

उत्तर : आजी, आपण स्वतःला दोष देऊ नये. यंत्राने आपल्याला न विचारता माप बदलले होते. ३८.९ सेल्सियस म्हणजे १०२ फॅरनहाइट, म्हणजे आपल्या भाषेतला एकशे दोन ताप. हवेचे तापमान आपण सेल्सियसमध्ये ऐकतो, ‘परभणीत पारा ४३ वर’ असे म्हणतो, आणि अंगातला ताप मात्र फॅरनहाइटमध्ये मोजतो. म्हणून ३८ हा आकडा मनाला थंडच वाटतो.

रूपांतर तोंडी करण्याची एक युक्ती आहे. आकडा दुप्पट करावा, त्यातून त्या दुपटीचा दहावा भाग वजा करावा आणि ३२ मिळवावेत. ३९ ची दुप्पट ७८, त्यातून ७.८ गेले की ७०.२, त्यात ३२ मिळवले की १०२.२. परंतु आजाऱ्याच्या उशाशी गणित करायला लागू नये, म्हणून तापमापकाच्या डबीवर एक चिठ्ठी चिकटवावी : ३७ म्हणजे ९८.६, ३८ म्हणजे १००.४, ३९ म्हणजे १०२.२, ४० म्हणजे १०४. पुष्कळ यंत्रांत दोन मापांमध्ये बदल करण्याची सोय असते, ती पुस्तिकेत पाहून यंत्र घरातल्या सवयीच्या मापावर लावून ठेवावे. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ सेल्सियस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट, इतका ताप असला तरी वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यावे. औषध ‘चमच्याने’ देऊ नये. घरातले चमचे लहानमोठे असतात. बाटलीसोबत आलेल्या मापानेच, मिलिलिटरमध्ये, डॉक्टरांनी बाळाच्या वजनावरून सांगितले असेल तेवढेच द्यावे.

प्रश्न : मी पोलीस भरतीची तयारी करते. माझी उंची पाच फूट एक इंच आहे. मैत्रिणी म्हणतात की तेवढी पुरते. खरे काय? (एक विद्यार्थिनी, हिंगोली)

उत्तर : ताई, आपल्या मैत्रिणींचा हिशोब केसाने चुकतो आणि भरतीत केससुद्धा मोजला जातो. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत महिलांना किमान १५५ सेंटीमीटर आणि पुरुषांना १६५ सेंटीमीटर उंची लागते. नेमके पाच फूट एक इंच म्हणजे १५४.९४ सेंटीमीटर, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून थोडे अधिक कमी. मुलांच्या बाबतीत उलटे आहे : पाच फूट पाच इंच म्हणजे १६५.१, म्हणजे नेमके पुरते. लग्नाच्या बायोडेटातली उंची घरच्या भिंतीवर, चपला घालून आणि पूर्ण इंचात मोजलेली असते. तिच्यावर वर्षाची मेहनत उभी करू नये. अनवाणी, टाचा आणि पाठ भिंतीला लावून, डोक्यावर काटकोनात पुस्तक धरून, टेपच्या सेंटीमीटरच्या कडेने आणि दुसऱ्या व्यक्तीकडून उंची मोजून घ्यावी. सकाळी उठल्यावरची उंची संध्याकाळपेक्षा साधारण एक सेंटीमीटरपर्यंत जास्त भरते, म्हणून दोन्ही वेळा मोजून नोंद ठेवावी. अर्ज भरण्यापूर्वी त्या वर्षीच्या जाहिरातीतले निकष आणि सवलती स्वतः वाचाव्यात.

प्रश्न : बातम्यांत कापसाचा भाव खंडीत सांगतात, बाजारात आम्हाला क्विंटलने मिळतो. दोन्हींचा मेळ कसा घालावा? (एक कापूस उत्पादक, तालुका मानवत, जिल्हा परभणी)

उत्तर : ही खंडी वीस मणांची आपली धान्याची खंडी नव्हे. रुईच्या व्यापारातली खंडी ७८४ पौंडांची, म्हणजे ३५६ किलोची, आणि ती रुईची, सरकीसकट कापसाची नव्हे. शंभर किलो कापसातून साधारण ३४ ते ३६ किलो रुई उतरते, बाकी बहुतेक सरकी. समजा खंडीला ५६,००० रुपये भाव आहे. म्हणजे रुई किलोला सुमारे १५७ रुपये आणि क्विंटलभर कापसातली ३५ किलो रुई सुमारे ५,५०० रुपयांची. त्यात सरकीची किंमत मिळवावी आणि जिनिंगचा खर्च, वाहतूक व घट वजा करावी. जो आकडा येईल त्याच्या आसपास भाव मिळाला तर तो रास्त समजावा. खंडीचा आकडा मोठा वाटतो म्हणून व्यापाऱ्याशी भांडण्याआधी हा हिशोब कागदावर करून न्यावा. आपल्या कापसाचा रुईचा उतारा किती पडतो, हेही त्याला विचारावे, कारण उताऱ्यातल्या एका टक्क्यालासुद्धा क्विंटलमागे दीडशे रुपयांच्या आसपास किंमत असते.

प्रश्न : आजीच्या १९५० सालच्या यादीत मोठ्या आत्यासाठी ‘पाच तोळे’ लिहिले आहे. आज पन्नास ग्रॅम दिले की पुरे का? (एक वाचक, अंबाजोगाई)

उत्तर : माझ्या मते पुरे नाही. आज सराफ दहा ग्रॅमला तोळा म्हणतात, परंतु ही दशमान पद्धतीनंतरची सोय आहे. जुना प्रमाणित तोळा बारा माशांचा, म्हणजे ११.६६४ ग्रॅमचा होता. त्या हिशोबाने पाच तोळे म्हणजे ५८.३२ ग्रॅम. आजींनी यादी लिहिली तेव्हा दहा ग्रॅमचा तोळा कोणाच्या कल्पनेतही नव्हता, तेव्हा त्यांच्या मनातले माप कोणते, याविषयी शंका राहत नाही. तो मूळ दागिना घरात असेल तर तोच वजन करून पाहावा, मात्र जुन्या पोकळ दागिन्यांत लाख भरलेली असते, ती वजा धरावी. आठ ग्रॅमचा फरक आत्याबाईंच्या हक्काचा आहे.

प्रश्न : पाठ्यपुस्तकात मीटर आणि सेंटीमीटर आहेत, मुले घरी फूट आणि इंच ऐकतात. आम्ही वर्गात फूट शिकवावा की टाळावा? (एक शिक्षिका, जिल्हा परिषद शाळा, तालुका पैठण)

उत्तर : शिकवावा, परंतु रूपांतराचे कोष्टक पाठ करून घेऊन नव्हे. एक इंच म्हणजे नेमके २.५४ सेंटीमीटर, एवढी एकच गोष्ट फळ्यावर लिहावी आणि मुलांना मोजपट्टी हातात द्यावी. आपल्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे वडील किंवा काका गवंडीकाम करीत असतील. पाया आखताना ते कोपरा गुण्यात आहे की नाही, हे कसे तपासतात, ते मुलांना घरी विचारून यायला सांगावे. एका बाजूवर तीन, दुसऱ्या बाजूवर चार अशी खूण करून तिरपे अंतर पाच आले की कोपरा काटकोनात आहे, हे उत्तर मुले घेऊन येतील. मग मैदानावर फक्कीने आखणी करावी. एका गटाने फुटांनी, दुसऱ्याने मीटरने आणि तिसऱ्याने नुसत्या एका काठीने तीन, चार, पाच मोजावे. तिघांचाही कोपरा सारखाच काटकोनात येईल, हे मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसू द्यावे.

पुढच्या तासाला ३० बाय ४० फुटांचा प्लॉट आखावा, कारण हे माप मुलांनी घरी शंभरदा ऐकलेले असते. कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरी धरली तर ती बरोबर ५० फूट भरेल. तीच दोरी तशीच ताणलेली ठेवून टेप उलटा करून दुसऱ्या कडेने मोजायला सांगावे, म्हणजे १५ मीटर २४ सेंटीमीटर येतील.